तीन पाडवे

तमाशाचा खरा हंगाम चैत्र-वैशाखातल्या जत्रांचा. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि पाडव्याला गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. त्या कमाईवर फडाचे वर्ष निघते. कलावंतांना उचल मात्र आधीच दिलेली असते, बऱ्याचदा व्याजाने पैसे काढून.

आता तारखा पाहा. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशात टाळेबंदी सुरू झाली. राज्याने त्याआधीच साथरोग कायदा लागू केला होता. तो १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला! २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला. त्या रात्री पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले. निर्बंध पुरते उठले तेही पाडव्यालाच, २ एप्रिल २०२२ ला. मधले दोन हंगाम कोरडे गेले.

नाट्यगृहे बंद पडली तेव्हा मी हळहळलो. तमाशाची आठवण मात्र उशिरा झाली. आमच्या लोणी काळभोरला त्या दोन चैत्रांत ढोलकी ऐकू आली नाही, तेव्हा.

जत्रेनंतर वर्गात डुलक्या घेणाऱ्या पोरांना मी छड्या मारल्या आहेत. खरे तर आदल्या रात्री गण-गवळणीपासून वग संपेपर्यंत मीही तिथेच असायचो, मागे अंधारात, डोक्याला उपरणे गुंडाळून... मास्तर ना!

असो. आता जत्रेला नातवाला घेऊन जाईन, आणि पुढे बसेन.