नवी बॅटरी टाकली, तरी बाईक पुन्हा डेड? पैसे घालवण्याआधी ‘चार्जिंग’ तपासा

सकाळी ऑफिसला निघायची घाई. तुम्ही सेल्फ मारता आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसताच ‘टक टक’ आवाज येतो. शेजारचा सांगतो, “बॅटरी गेली, नवीन टाक.” तुम्ही हजार-दीड हजार रुपये मोजून नवी बॅटरी टाकता. आठ दिवस गाडी मस्त चालते. नवव्या दिवशी पुन्हा तोच आवाज.

मग आपण दुकानदाराला बोल लावतो. पण अनेकदा बॅटरी चांगली असते, तिला चार्ज करणारी यंत्रणाच काम करत नसते. टाकीला गळती असेल किंवा नळालाच पाणी येत नसेल, तर नवी टाकी बसवून काय उपयोग? म्हणूनच बॅटरी बदलण्याआधी दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं, हे समजून घेऊ.

आधी हे सगळं चालतं कसं?

आजच्या बहुतेक बाईकमध्ये १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. गाडी सुरू करताना सेल्फला लागणारा करंट ती देते. एकदा इंजिन सुरू झालं की पुढचं काम तीन भाग करतात.

पहिला भाग मॅग्नेट आणि कॉइल. इंजिनबरोबर मॅग्नेट फिरतं आणि कॉइलमध्ये एसी वीज तयार होते. या कॉइलला स्टेटर म्हणतात.

दुसरा भाग रेग्युलेटर-रेक्टिफायर. गॅरेजमध्ये याला ‘आरआर’ किंवा नुसतं ‘रेक्टिफायर’ म्हणतात. तो एसीची डीसी करतो आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेत ठेवतो.

तिसरा भाग वायरिंग. कनेक्टर, फ्यूज, अर्थिंग आणि टर्मिनल हे सगळं त्यात आलं.

या तिघांपैकी एक जरी बिघडला, तरी बॅटरी हळूहळू उतरत जाते. दोष बॅटरीचा दिसतो, असतो मात्र दुसऱ्याचा.

आता हे जास्त महत्त्वाचं का झालंय?

पूर्वी बॅटरी बसली तरी किक मारून गाडी निघायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक पेट्रोल दुचाकी फ्युएल इंजेक्शनवर आल्या. त्यातला पेट्रोल पंप आणि ईसीयू विजेवर चालतात. अनेक मॉडेल्समधून किकही गेली. त्याआधी १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असताना कायम चालू राहू लागला. म्हणजे विजेचं काम वाढलं आणि बॅटरी बसल्यावरचे पर्याय कमी झाले. रात्री घाटात गाडी बंद पडली, तर ही फक्त गैरसोय राहत नाही.

मल्टिमीटरने तीन मिनिटांची तपासणी

साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. त्याचा नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं मायनसला लावा.

१. गाडी बंद असताना: गाडी काही तास उभी राहिल्यावरचं रीडिंग घ्या. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी लगेच फेकू नका. ती आधी पूर्ण चार्ज करा आणि मगच पुढची तपासणी करा.

२. सेल्फ मारताना: आकडा थोडा खाली येणारच. पण पूर्ण चार्ज असूनही तो १० व्होल्टच्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरीचा दम संपलाय. ती बदलायला हवी.

३. इंजिन सुरू असताना: गाडी न्यूट्रलवर, मोकळ्या हवेत ठेवा. ॲक्सिलरेटर थोडा वाढवा. आकडा साधारण १३.५ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान स्थिर राहिला, तर चार्जिंग ठीक आहे. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

रेस करूनही आकडा १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल, तर बॅटरीपर्यंत चार्ज पोचत नाहीये. १५ च्या वर जात असेल, तर ओव्हरचार्जिंग होतंय. त्यामुळे बॅटरी तापते, फुगते आणि बल्ब वारंवार उडतात. अशा वेळी संशय आधी रेग्युलेटरवर घ्या.

चार्ज होत नसेल तर कुठे बघायचं?

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करा. टर्मिनल सैल आहे का? त्यावर पांढरा-हिरवा थर जमलाय का? फ्यूज उडालाय का? रेक्टिफायरचा कनेक्टर जळून काळा पडलाय का? पावसाळ्यात पाणी शिरून कनेक्टर खराब होणं नेहमीचं आहे.

हे सगळं ठीक असेल, तर कॉइलचा कनेक्टर सोडवून एसी व्होल्टेज मोजतात. थ्री-फेज कॉइल असेल तर तीन वायर असतात. रेस केल्यावर कोणत्याही दोन वायरींमधलं व्होल्टेज जवळपास सारखं यायला हवं. एक जोडी कमी दाखवत असेल, तर कॉइलमध्ये दोष. तिन्ही ठीक असूनही बॅटरीचं व्होल्टेज वाढत नसेल, तर रेक्टिफायर किंवा मधली वायरिंग तपासा. सवय नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. फक्त आकडे तुमच्यासमोर मोजायला सांगा.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. इंजिन सुरू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि ‘गाडी चालतेय, म्हणजे चार्जिंग ओके’ म्हणायचं, हा जुना जुगाड आहे. अशाने व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू जळू शकतो.

गाडी उभी असतानाही बॅटरी उतरते?

हो. अलार्म, जीपीएस ट्रॅकर किंवा थेट बॅटरीला जोडलेला मोबाइल चार्जर चावी बंद असतानाही करंट खात राहतो. समजा ही गळती ५० मिलिअँपिअर आहे. २४ तासांत १.२ अँपिअर-अवर गेले. ४ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार दिवसांत रिकामी!

बाहेरून लावलेल्या फॉग लाइटचंही तेच. ४० वॅटचे दोन दिवे म्हणजे सहा-साडेसहा अँपिअर. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चालत असताना कॉइल तेवढी वीज देईलच असं नाही. उरलेली बॅटरीतून जाते.

बॅटरी बदलताना

चावी बंद करा. आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. नवी बसवताना उलटं करा: आधी प्लस, शेवटी मायनस. कारण मायनस गाडीच्या चेसिसला जोडलेला असतो. तो जोडलेला असताना प्लसवरचा पाना चेसिसला टेकला, तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते.

नवी बॅटरी मॅन्युअलमध्ये दिलेल्या व्होल्टची, अँपिअर-अवरची आणि मापाचीच घ्या. प्लस-मायनस कोणत्या बाजूला आहेत तेही पाहा. उलटी जोडणी झाली तर रेक्टिफायर आणि ईसीयू दोन्हींना धोका. वॉरंटी कार्डवर शिक्का आणि तारीख घ्या. चार्जरने चार्ज करायची असेल, तर करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवा. म्हणजे ४ अँपिअर-अवरला ०.४ अँपिअर. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघू शकतो, त्यामुळे खोली बंद ठेवू नका आणि जवळ सिगारेट पेटवू नका.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. त्यात शिसं आणि ॲसिड असतं. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात जुनी दिली की बहुतेक ठिकाणी नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

आणि नवी बॅटरी बसवल्यावर लगेच दुकानातून निघू नका. गाडी सुरू करून तिसरं रीडिंग पुन्हा घ्या. तो आकडा बरोबर आला, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असं समजा.