नोकिया लुमिया १०२० आणि आयफोन ५एस यांच्या कॅमेऱ्यांची तुलना

नोकिया लुमिया १०२० आणि आयफोन ५एस हे २०१३ साली बाजारात आलेले दोन स्पर्धक स्मार्टफोन होत. लुमियाचा कॅमेरा ४१ मेगापिक्सेलचा, तर आयफोनचा ८ मेगापिक्सेलचा होता. आकड्यांतील हे पाचपट अंतर छायाचित्रांच्या गुणवत्तेत मात्र त्याच प्रमाणात उतरले नाही. मेगापिक्सेलची संख्या हे कॅमेऱ्याच्या गुणवत्तेचे एकमेव माप नव्हे, हे या जोडीच्या अभ्यासातून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

फिनलंडच्या नोकिया कंपनीने २०१२ साली ८०८ प्युअरव्ह्यू या फोनात प्रथम ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर वापरला. तेच तंत्र पुढे नेणारा लुमिया १०२० हा फोन ११ जुलै २०१३ रोजी न्यूयॉर्क येथे सादर झाला. त्याची कार्यप्रणाली विंडोज फोन ही होती. ॲपलने आयफोन ५एस १० सप्टेंबर २०१३ रोजी सादर केला.

सेन्सर आणि भिंग

लुमियाचा सेन्सर १/१.५ इंच वर्गातील, तर आयफोनचा १/३ इंच वर्गातील होता. क्षेत्रफळाच्या दृष्टीने पहिला दुसऱ्याच्या सुमारे तिप्पट भरतो. दोन्ही भिंगांचे छिद्र एफ/२.२ होते, म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सारखाच प्रकाश पडे. सेन्सर मोठा असल्याने लुमियाला एकूण प्रकाश अधिक मिळे.

सुट्या पिक्सेलचा विचार केल्यास चित्र उलटे दिसते. आयफोनच्या पिक्सेलची बाजू १.५ मायक्रॉन, तर लुमियाच्या पिक्सेलची १.१२ मायक्रॉन होती. ही उणीव भरून काढण्यासाठी नोकियाने सुमारे सात शेजारी पिक्सेलांची माहिती एकत्र करून त्यांचा एक पिक्सेल बनविण्याची पद्धत योजली. अशा रीतीने ५ मेगापिक्सेलचे, कमी दाणेदार छायाचित्र तयार होई. त्यासोबत ३८ मेगापिक्सेलपर्यंतचे मूळ चित्रही साठविता येई. त्यातील हवा तो भाग कापून मोठा केला, तरी बारकावे टिकून राहत.

स्थिरीकरण आणि फ्लॅश

हाताच्या कंपाने चित्र पुसट होऊ नये, म्हणून लुमियात भिंगच कंपाच्या विरुद्ध दिशेने सरकविण्याची यांत्रिक सोय होती. आयफोन ५एसमध्ये ती नव्हती. तो कमी प्रकाशात चार अल्पावधीची चित्रे टिपून त्यांतील स्पष्ट भागांचे एक चित्र जुळवीत असे. लुमियाचा झेनॉन फ्लॅश अत्यंत प्रखर व क्षणिक असल्याने हलती वस्तूही ठळक टिपली जाई. आयफोनमध्ये एक पांढरा व एक पिवळसर असे दोन एलईडी दिवे होते. सभोवतालच्या प्रकाशानुसार त्यांचे प्रमाण बदलल्यामुळे चेहऱ्याचा वर्ण नैसर्गिक दिसे.

वेग आणि हाताळणी

आयफोनमधील ६४ बिटी ए७ प्रोसेसरमुळे सेकंदाला दहा छायाचित्रे टिपता येत. सेकंदाला १२० चौकटींच्या वेगाने संथगती चित्रीकरणही शक्य होते. याउलट एक चित्र साठवून पुढच्या चित्रासाठी सज्ज होण्यास लुमियाला काही सेकंद लागत. धावणारे मूल किंवा उडणारा पक्षी टिपताना हा विलंब जाणवे. मात्र प्रकाशनाचा काळ, संवेदनशीलता आणि केंद्रीकरण स्वतः ठरविण्याची मुभा लुमियाच्या कॅमेऱ्यात होती. आयफोनचे मूळ कॅमेरा ॲप हे निर्णय बहुतांशी स्वतःच घेई. मोठ्या सेन्सरची किंमत आकारमानात मोजावी लागली. लुमियाचे वजन १५८ ग्रॅम व जाडी १०.४ मिलिमीटर, तर आयफोनचे वजन ११२ ग्रॅम व जाडी ७.६ मिलिमीटर होती.

मूल्यमापन

स्थिर दृश्य, दूरचे बारकावे आणि मंद प्रकाश यांत लुमिया सरस होता. झटपट टिपायचे प्रसंग आणि सहज हाताळणी यांत आयफोन पुढे होता. म्हणून दोन फोनांच्या कॅमेऱ्यांची तुलना करताना मेगापिक्सेलबरोबरच सेन्सरचा आकार, भिंगाचे छिद्र, स्थिरीकरण, प्रक्रियेचा वेग आणि वापराचा हेतू विचारात घ्यावा लागतो.

नंतरचा काळ

नोकियाचा मोबाइल व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. विंडोज फोन प्रणालीही पुढे बंद पडली. पिक्सेल एकत्र करण्याची कल्पना मात्र टिकून राहिली. खुद्द ॲपलने २०२२ साली आयफोन १४ प्रोमध्ये ४८ मेगापिक्सेलचा सेन्सर वापरला व चार पिक्सेलांचा एक करून १२ मेगापिक्सेलचे चित्र देण्याची पद्धत स्वीकारली. अनेक चित्रांतून एक चित्र घडविण्याची आयफोनमधील रीतही पुढे सर्वत्र रूढ झाली. आजच्या स्मार्टफोनांत हे दोन्ही मार्ग एकत्र आलेले दिसतात.