दोरी तुटते कुठे? गळाच्या सामानाचा नऊशे वर्षांचा हिशोब

आजचा एपिसोड एका साध्या प्रश्नावर आहे. रोहू, कटला किंवा सायप्रिनस गरवायचा असेल तर भरवशाचं सामान कोणतं घ्यायचं? फोनवर शोधायला गेलात तर काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत रॉड दिसतात आणि सगळ्यांखाली साडेचार तारे. त्यातून निवडायचं कसं?

मी रत्नागिरीचा. दिवसा कोड लिहितो. त्या कामात एक सवय लागते. सिस्टिम किती भारी चालते हे नंतर, आधी ती कुठे बंद पडेल ते बघायचं. तोच प्रश्न मी गळाच्या इतिहासाला विचारला. काठी, दोरी, गाठ आणि गरी ही एक साखळी आहे. ती आजवर कुठे कुठे तुटली? नऊशे वर्षांचा हिशोब आहे, पण पटकन सांगतो.

आधी माशाचं तोंड

आपल्याकडे मासा म्हटलं की समुद्र. सुरमई, बांगडा, पापलेट. आजचे मासे मात्र तळ्यातले आणि धरणातले, कार्प कुळातले. या कुळाची एक गंमत आहे. त्यांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात! मासा खाणं तोंडाने ओढून घेतो आणि आत नेऊन घशात चिरडतो. म्हणजे सुरमईसाठी लागते तशी दातांपासून वाचवणारी तार इथे लागत नाही. पण तोंड जाड आणि चिवट असतं. बोथट किंवा लेचीपेची गरी तिथे टिकत नाही.

दुसरी गोष्ट, सगळे एकाच जागी जेवत नाहीत. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. त्यामुळे 'कार्पसाठी बेस्ट' असं लिहिलेलं पाकीट दिसलं की आधी विचारायचं, यातला कोणता?

राजाची करमणूक

आता मागे जाऊ. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, साधारण ११३० च्या सुमारास. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, आपल्या सीमेला लागून. याच ग्रंथात जुन्या मराठीतलं दशावताराचं गीतही सापडतं, म्हणून मराठीच्या इतिहासातही त्याचं नाव येतं.

त्यात राजाच्या करमणुकीचे प्रकार सांगितले आहेत. 'विनोद' म्हणजे तिथे जोक नाही, करमणूक. त्यातला एक 'मत्स्यविनोद'. पस्तीसच्या आसपास माशांची वर्णनं आहेत. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे गट आहेत. कोणत्या माशाला काय खायला घालायचं ते आहे, आणि मग गळ टाकून तो कसा पकडायचा ते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला होता.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी मासा ओळखायचा, मग त्याचं खाणं, आणि शेवटी सामान. आपण बरोबर उलटं करतो. आधी रॉडची ऑर्डर!

घोड्याचे केस आणि शिवणाची सुई

साडेतीनशे वर्षांनी, १४९६ साली, इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर एक छोटा ग्रंथ छापला गेला. त्यात दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची आहे आणि माशाप्रमाणे केस मोजून दिले आहेत. अगदी चिमुकल्या माशाला एक केस, मोठ्या सामनला पंधरा. गरी सुई तापवून, वाकवून घरीच करायची. पुढे इंग्लंडमधल्या रेडिच गावात सुयांचा मोठा धंदा उभा राहिला आणि त्याच गावात गऱ्यांचाही.

कार्पबद्दल त्या ग्रंथात एक ओळखीची तक्रार आहे. याचं तोंड इतकं मजबूत की कच्च्या सामानाने हा मासा धरता येत नाही. म्हणजे ५०० वर्षांपूर्वीही तुटण्याची जागा तीच होती, गरी आणि तिच्याजवळची दोरी.

साहेब, बांबू आणि रेशीम

१८७३ मध्ये मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमस याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक मंगळूरला छापलं गेलं. त्याचा लाडका मासा महसीर, आपला खडस. तोही याच कार्प कुळातला. पुढे १८८७ मध्ये त्याने 'टँक अँगलिंग इन इंडिया' लिहिलं, म्हणजे खास तळ्यातल्या मासेमारीवर.

त्या काळची काठी बांबूची. बांबूच्या चिपा तासून, चिकटवून रॉड करायची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुजली, आणि त्यासाठी जायचा तो आपल्याच देशातला बांबू. तिकडे त्याचं नाव 'कलकत्ता केन'. विसाव्या शतकात त्याची जागा चीनमधल्या टोंकिन बांबूने घेतली. रिळाची गोष्टही मजेशीर. आज आपण वापरतो त्या स्पिनिंग रिळाचं मूळ १९०५ च्या पेटंटमध्ये आहे, आणि ते घेणारा आल्फ्रेड इलिंगवर्थ हा ब्रॅडफर्डचा कापड गिरणीवाला होता. बॉबिनवरून सूत कसं सुटतं हे तो रोज बघत होता.

दोरी असायची रेशमाची. गरीजवळचा तुकडा 'गट'चा, म्हणजे रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेल्या धाग्याचा. तो लांबीला जेमतेम हातभर, म्हणून अनेक तुकडे गाठी मारून जोडायचे. बांधण्याआधी भिजवायचा, नाहीतर कडाकडा तुटायचा. आणि रेशमाची दोरी घरी आल्यावर वाळवायची, नाहीतर कुजायची.

आपल्या किनाऱ्यावरही हेच होतं. सुताची आणि तागाची जाळी ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळत घालायचे. कुजणारं सामान होतं म्हणून ते रोज हाताखालून जायचं. कुठे विरलंय, कुठे काचलंय ते बोटांना आपोआप कळायचं.

तंगूस आला

१९३८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जगासमोर आणलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ते मासेमारीत सगळीकडे पसरलं. आपल्या भाषेत तंगूस. कुजत नाही, वाळवायला नको, भिजवायला नको, आणि स्वस्त.

माझं म्हणणं इथे आहे. नायलॉनने दोरी मजबूत केली, पण तपासायची सवय घालवली. तंगुसाची दोरी कुजत नाही, खराब मात्र होते. उन्हाने कमजोर होते. दगडावर घासली की चरा पडतो, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. कोरडी गाठ जोरात आवळली तर घर्षणाने तापते आणि तिथेच ताकद जाते. रेशीम वापरणाऱ्याला सामानावर भरवसा नव्हता, म्हणून त्याचं सामान भरवशाचं राहिलं. आपल्याला भरवसा आहे, म्हणून आपलं ऐनवेळी तुटतं.

मग हे मासे आपल्याकडे आले कसे?

रोहू आणि कटला मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे. ते साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली. तो दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. सायप्रिनस तर परदेशातला, त्याची बँकॉकची जात १९५७ मध्येच भारतात आली. त्यानंतर धरणं आणि तळी या माशांनी भरत गेली.

म्हणजे धरणातला रोहू बहुतेक वेळा कुणीतरी सोडलेला असतो. अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. गळ टाकण्याआधी विचारा. तो कुणाच्या तरी पोटापाण्याचा मासा आहे.

तर सामान कसं निवडायचं?

१९५२ मध्ये रिचर्ड वॉकरने इंग्लंडमध्ये साधारण २० किलोचा विक्रमी कार्प पकडला, तोही बांबूच्या रॉडवर. नंतर तिथे आलेली 'हेअर रिग'ची युक्ती म्हणजे काय, तर आमिष गरीवर न खुपसता केसासारख्या दोऱ्याने शेजारी लटकवायचं, म्हणजे मासा ते बिनधास्त ओढून घेतो. खर्च जवळजवळ शून्य. माशाचं तोंड समजून घेतलं, एवढंच.

म्हणून पैसे साखळीच्या उलट्या टोकाकडून खर्च करा. आधी गरी. तिचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. घसरलं तर ती बोथट, रुतलं तर ठीक. मग दोरी. ताजी घ्या, शेवटचे काही हात बोटांतून सरकवून बघा आणि खरखर लागली तर तेवढी कापा. गाठ ओली करूनच आवळा. मग रीळ. त्याचा ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ठेवा, म्हणजे मोठा मासा धावला तर दोरी सुटेल, तुटणार नाही. रॉड सगळ्यात शेवटी. घेताना कड्यांमधून कापूस फिरवा. कापूस अडकला तर तिथे दोरी कापली जाणार.

आणि कापलेली तंगुसाची दोरी पाण्यात टाकू नका. रेशीम कुजून जायचं. ही कुजत नाही, पक्ष्यांच्या पायात आणि माशांच्या कल्ल्यांत अडकून राहते. खिशात घाला, घरी आणा.

पुढच्या वेळी पाच तारे दिसले की एवढंच विचारा, हे तुटलं तर कुठे तुटेल? ते कळलं की निवड सोपी होते. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमच्याकडे गरीला, दोरीला, बुचाला काय म्हणतात ते मला नक्की कळवा!