उद्याची शिदोरी

धनाचा त्याग अवघड खरा. परंतु त्यागानंतर जे थोडेसे मागे उरते, ते सोडणे त्याहून अवघड. ख्रिस्ती वैराग्याच्या इतिहासात हे सत्य इजिप्तमधील संत अँटनी (सुमारे २५१–३५६) याच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ते चरित्र अँटनीच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत ग्रीक भाषेत लिहिले.

आईवडील वारले तेव्हा अँटनी अठरा-वीस वर्षांचा होता. घरी एक लहान बहीण आणि ३०० अरुरा, म्हणजे सुमारे २०० एकर, सुपीक जमीन. सहाएक महिन्यांनी तो चर्चमध्ये गेला, तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील धनिक तरुणाची कथा वाचली जात होती. सर्वस्व विकून गरिबांना दे, असे येशू त्या तरुणास सांगतो. अँटनीने तो उपदेश स्वतःसाठीच मानला. जमीन गावकऱ्यांना दिली, चीजवस्तू विकून पैसा वाटला. बहिणीकरिता मात्र थोडी रक्कम राखली. पुन्हा चर्चमध्ये गेला, तो उद्याची चिंता न करण्याविषयीचे वचन कानी पडले. राखलेली रक्कमही त्याने वाटून टाकली आणि बहिणीला ओळखीच्या, विश्वासू व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले.

येथे वाचकाचे मन अडखळते, आणि ते अडखळावे हेच योग्य. ती शिदोरी बहिणीची होती. तिला काय वाटले, हे चरित्रकार सांगत नाही. तिचे नावही देत नाही. पुष्कळ वर्षांनी अँटनीला ती भेटली, तेव्हा ती वृद्ध झाली होती आणि इतर कुमारिकांना मार्ग दाखवीत होती, एवढेच कळते. भावाच्या वैराग्याचा भार तिनेही वाहिला, हे विसरून त्याची थोरवी सांगता येणार नाही.

ओसाड किल्ल्यात सुमारे वीस वर्षे एकांतात काढल्यावरही अँटनीचे सोडणे संपले नव्हते. ३११ च्या सुमारास ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हा तो अलेक्झांड्रियात आला आणि तुरुंगांत व खाणींत डांबलेल्यांची उघडपणे सेवा करू लागला. हौतात्म्याची त्याला आस होती. ते लाभले नाही. मरणाची तयारी होती, पण मरणाचा हट्टही सोडावा लागला. पुढे तो दूरच्या डोंगरात राहू लागला. शिष्यांना भाकर घेऊन वाळवंट तुडवावे लागते, हे पाहून त्याने कुदळ आणि बियाणे मागवले व आपले धान्य आपण पिकवले. आपल्या त्यागाचे ओझे दुसऱ्यावर पडू नये, हे आता त्याला उमगले असावे.

अखेर उरला देह. साधुपुरुषांची प्रेते गुंडाळून घरात जपण्याची चाल त्या देशी होती. अँटनीने दोन शिष्यांना बजावले, की मला जमिनीत पुरा आणि जागा कोणाला सांगू नका. एक मेंढीचे कातडे व जीर्ण झगा अथनेशियसला, दुसरे कातडे बिशप सेरापियनला आणि केसांचे वस्त्र त्या दोघांना, एवढीच त्याची इस्टेट होती. झगा तर मूळचा अथनेशियसनेच दिलेला. तो ज्याचा त्याला परत गेला.

शिष्यांनी शब्द पाळला. चरित्र लिहिताना अथनेशियसलाही ती जागा ठाऊक नव्हती.