भिंतीवरची तसबीर आणि पॉप आर्ट

१/
धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठी माकणी हे गाव आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण इथलेच. या भागातल्या घरात, किराणा दुकानात किंवा पिठाच्या गिरणीत तुळजाभवानीची रंगीत तसबीर दिसली तर त्यात नवल नाही. देवीचे तुळजापूर याच जिल्ह्यात आहे. नवल आहे ते अशा तसबिरींच्या इतिहासात. त्या इतिहासात जर्मन छपाईयंत्रे आहेत, लंडनचे एक प्रदर्शन आहे आणि नागपूरची धम्मदीक्षाही आहे.

२/
सुरुवात लंडनपासून करू. १९५६ साली तिथल्या व्हाइटचॅपल गॅलरीत 'धिस इज टुमॉरो' हे प्रदर्शन भरले. त्यासाठी रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराने मासिकांतल्या जाहिराती कापून एक चिकटचित्र तयार केले : दिवाणखाना, टेप रेकॉर्डर, डबाबंद मांस, पिळदार शरीराचा पुरुष. त्या पुरुषाच्या हातातल्या गोळीवर 'पॉप' ही अक्षरे होती. पॉप्युलर, म्हणजे लोकप्रिय, या शब्दाचे हे लघुरूप पुढे एका कलाप्रवाहाचे नाव झाले.

३/
महायुद्धानंतर अमेरिकेत कारखान्यांचा माल, जाहिराती, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांनी रोजचे जगणे व्यापले होते. कलादालनात मात्र अमूर्त, गंभीर चित्रांचे राज्य होते. १९६२ साली अँडी वॉरहॉलने लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. त्याच वर्षी त्याने मेरिलिन मन्रोचा चेहरा एकाच चित्रात पुन्हा पुन्हा छापला. बाजारातली वस्तू आणि पडद्यावरचा चेहरा थेट कलादालनात आला. 'याला कला म्हणायचे का?' हा वाद तेव्हा पेटला, तो आजही पूर्ण विझलेला नाही.

४/
महाराष्ट्रात हा प्रवास उलट दिशेने आणि बराच आधी झाला होता. इथे राजवाड्यातले तैलचित्र छापखान्यात गेले आणि तिथून ओसरीवरच्या खिळ्यावर येऊन लटकले. पॉप आर्टने ज्या प्रतिमांकडे १९५० नंतर कुतूहलाने पाहिले, तशा प्रतिमांचा बाजार पुण्या-मुंबईत एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला होता.

५/
१८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू झाला. 'निबंधमाला'कार विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. देवादिकांची आणि मराठी इतिहासातल्या पुरुषांची रंगीत शिळाछापाची चित्रे तिथून निघू लागली. चिपळूणकरांनी निबंधांमधून जो स्वाभिमान जागवला, तो ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत चित्रे पोहोचवू शकत होती. त्या काळी बहुसंख्य लोक निरक्षर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या छापखान्याचे महत्त्व कळते.

६/
दुसरा धागा दक्षिणेतून येतो. राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ साली केरळातल्या किळिमानूर इथे झाला. त्यांच्या पौराणिक तैलचित्रांना संस्थानिकांकडून मोठी मागणी होती. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी त्यांना एक व्यवहारी सल्ला दिला : मागणी पुरी करायला दोन हात पुरणार नाहीत, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात.

७/
रविवर्म्यांनी पुढे याहून मोठे पाऊल उचलले. युरोपात छापून आणण्याऐवजी १८९४ साली त्यांनी मुंबईत, गिरगावात, स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पहिले छापलेले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. मुंबईत प्लेग आल्यानंतरच्या काळात छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांच्या परिसरात हलला. कर्जाच्या भाराने अखेर तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला; चित्रे मात्र छापली जातच राहिली.

८/
हे काम कसे चालत असे? मूळ चित्रातले रंग वेगळे करून प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करायचा. त्यावर चिकट शाईने रेखाटन करायचे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर शाई फक्त रेखाटलेल्या भागाला धरते. मग एकच कागद एकामागून एक दगडांवरून काढायचा. एखादा रंग केसभर सरकला तरी देवीचे ओठ गालावर जात. शेवटी वार्निशचा हात दिला, की कागद तैलचित्रासारखा चमके. या छापील चित्रांना 'ओलिओग्राफ' हे नाव मिळाले.

९/
या कागदाने काय बदलले? देवदर्शनाची वाट बदलली. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह सुरू करावा लागला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. मंदिराच्या दारात माणसे अडवली जात होती, त्या काळात छापील देव बाजारात मिळत होता. ज्याच्या गाठीला थोडे पैसे होते, त्याच्या घरात तो येऊ शकत होता.

१०/
या सोयीची किंमतही होती. खेड्यापाड्यांतल्या देवी अनेकदा शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपात असतात. त्यांना चेहरा असतोच असे नाही. छापील चित्रांनी देवतांना एक ठराविक चेहरा दिला : गोरा रंग, भरदार बांधा, जरीची साडी, दागिने. रविवर्म्यांची लक्ष्मी आणि सरस्वती इतक्या घरांत पोहोचल्या की देवी म्हणजे अशीच, हे मनावर ठसले. सावळ्या, उग्र, निराकार रूपांना कागदावर फारशी जागा उरली नाही.

११/
तुळजापूरचेच उदाहरण घ्या. गाभाऱ्यातली मूर्ती काळ्या पाषाणातली, अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची आहे. पण महाराष्ट्रात सर्वाधिक घरांत ओळखीचे असलेले चित्र वेगळेच आहे : भवानी शिवाजी महाराजांना तलवार देत आहे. हा प्रसंग लोकश्रद्धेचा. चित्रकारांनी त्याला रंगरूप दिले आणि छापखान्यांनी तो सर्वदूर नेला. नवरात्रात देवीची जी अलंकार महापूजा मांडली जाते, तिच्यातही 'भवानी तलवार' हे एक रूप असते. श्रद्धा, मूर्ती आणि तसबीर असे एकमेकांत मिसळत गेले.

१२/
देवांच्या पाठोपाठ बाजार आला. कापडाच्या तागांवरची लेबले, काडेपेट्या, साबणाच्या जाहिराती यांवर रविवर्मा धाटणीच्या देवता आणि नायिका झळकू लागल्या. दुकानदार वर्षाच्या सुरुवातीला गिऱ्हाइकांना चित्रांची कॅलेंडरे फुकट वाटू लागले. वर देव, खाली दुकानाचे नाव. वर्ष संपले की तारखांचा भाग फाडून टाकायचा आणि चित्राला चौकट करून घ्यायची. जाहिरात अशी देवघरात पोहोचली. वॉरहॉलच्या सूपच्या डब्याला तेव्हा अजून काही दशके अवकाश होता.

१३/
याच छापखान्यातून भारतीय चित्रपटाकडेही एक वाट जाते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी रविवर्म्यांच्या छापखान्यात काम केले, मग स्वतःचा छपाईचा व्यवसाय काढला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. कागदावर स्थिर असलेली पुराणे त्यांनी हलती केली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचा वारसा पडदे रंगवणाऱ्या कुंचल्याचा. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि चित्रपटाची जाहिरात रंगवलेल्या पोस्टरमधून करण्याची प्रथा रुजवण्यात मोठा वाटा उचलला.

१४/
पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन १९३०च्या दशकात मुंबईत चित्रपटांचे प्रचंड फलक रंगवून पोट भरत होते. जमिनीवर पसरलेल्या कापडावर नटीचा चेहरा कित्येक फूट मोठा करायचा, तोही ठरल्या मुदतीत. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झालेल्या हुसेनांच्या चित्रांतली जाड, वेगवान रेषा पाहताना हे फलक आठवल्याशिवाय राहत नाहीत. अमेरिकेत जेम्स रोझेनक्विस्ट हा पॉप चित्रकारही रस्त्यावरचे जाहिरात फलक रंगवतच पुढे आला होता.

१५/
मराठी मध्यमवर्गाच्या घरात चित्र आले ते दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरूनही. मूळ गोव्याचे दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर आणि कलबुर्गीचे एस. एम. पंडित यांनी कॅलेंडरे, मुखपृष्ठे आणि जाहिराती गाजवल्या. लाखो डोळ्यांनी यांची चित्रे पाहिली. तरी कलेच्या इतिहासात त्यांच्यावर दीर्घकाळ 'कमर्शियल' हा शिक्का राहिला, आणि तो शिक्का कौतुकाचा नव्हता.

१६/
या शिक्क्याला धक्का दिला तो मुंबईत जन्मलेल्या एका गुजराती भाषक हिशेबनिसाने. सनदी लेखापाल असलेले भूपेन खख्खर १९६०च्या दशकात बडोद्याला गेले. १९६५ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांनी जी चित्रे मांडली, त्यांत बाजारातल्या देवदेवतांच्या छापील तसबिरी कापून चिकटवल्या होत्या. जाणकार बिचकले. ज्या चित्रांना ते 'बाजारू' म्हणत, तीच कलादालनात येऊन बसली होती. पुढे खख्खर यांनी घड्याळ दुरुस्तीचे दुकान, शिंपी, न्हावी रंगवले. भारतीय पॉप आर्टची चर्चा बहुधा त्यांच्यापासून सुरू होते.

१७/
आता पुन्हा १९५६. लंडनचे प्रदर्शन ऑगस्टमध्ये उघडले. त्यानंतर दोन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत हिंदू देवतांना न मानण्याच्या आणि त्यांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञा होत्या. याचा एक परिणाम महाराष्ट्रातल्या असंख्य घरांच्या भिंतींवर दिसला. देवांच्या तसबिरी उतरल्या. त्या जागी बुद्ध आणि निळ्या कोटातले बाबासाहेब आले.

१८/
छपाईचे तंत्र तेच, चौकट तीच, खिळाही कदाचित तोच. अर्थ मात्र पूर्ण बदललेला. वॉरहॉलने मेरिलिनचा चेहरा पुन्हा पुन्हा छापला, तेव्हा पुनरावृत्तीने चेहरा पोकळ होत जातो, असे समीक्षकांना जाणवले. मराठवाड्यातल्या वस्त्यांमध्ये निळा कोट, चष्मा आणि हातातले पुस्तक लाखो वेळा छापले गेले, तेव्हा प्रत्येक प्रत घरमालकाच्या वतीने एक गोष्ट सांगत राहिली : हे घर आता कोणाच्या दारात उभे राहून दर्शन मागणार नाही. छापील प्रतिमेची ताकद मोजायची असेल, तर हे उदाहरण सूपच्या डब्याहून मोठे आहे.

१९/
पुढच्या पिढीतले मुंबईचे चित्रकार अतुल डोडिया यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रे रंगवली. त्यांच्या 'महालक्ष्मी'मध्ये शटरवर कॅलेंडरातली लक्ष्मी दिसते. शटर वर सरकवले की मागे गळफास घेतलेल्या तीन मुली दिसतात. घरोघरी लक्ष्मीची पूजा आणि त्याच घरांत मुलीच्या लग्नाच्या खर्चाचा धसका, हे दोन्ही एका शटरच्या दोन बाजूंना आहे. इथे लोकप्रिय प्रतिमेचा वापर गंमत म्हणून केलेला नाही. ती प्रतिमा काय झाकते, ते दाखवण्यासाठी केलेला आहे.

२०/
एक अप्रिय प्रश्न उरतो : श्रेय कोणाचे? रॉय लिक्टेनस्टाइनचे 'व्हॅम!' हे १९६३चे चित्र एका युद्धकथेच्या कॉमिकमधल्या चौकटीवर आधारलेले आहे. लिक्टेनस्टाइन जगप्रसिद्ध झाला. चौकट काढणारा अर्व्ह नोविक मात्र कॉमिकच्या चाहत्यांपुरताच राहिला. आपल्याकडे कॅलेंडरांचे कितीतरी चित्रकार, दगडांवर रेखाटणारे कारागीर आणि एसटी स्थानकांच्या भिंती रंगवणारे पेंटर यांची नावे कुठेच नाहीत. रस्ता ओलांडून कलादालनात गेलेल्या प्रतिमेला किंमत आली, रस्त्यावर राहिलेल्या हाताला नाही.

२१/
३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवचा हा पट्टा उद्ध्वस्त केला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. अनेक गावे नव्या जागी वसली. जुन्या भिंतींबरोबर त्यांच्यावरच्या तसबिरीही ढिगाऱ्याखाली गेल्या. कोणत्या छापखान्याच्या, कोणत्या चित्रकाराच्या, किती जुन्या, याची नोंद कोणी ठेवली नव्हती, कारण त्या 'कला' मानल्याच जात नव्हत्या. मळवलीच्या छापखान्यालाही १९७२ साली आग लागली. लोकप्रिय कलेचा इतिहास असाच जातो : वस्तू सगळीकडे असते म्हणून कोणी जपत नाही, आणि मग ती कुठेच उरत नाही.

२२/
आज गावाच्या चौकात फ्लेक्स आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नेत्यांचे चेहरे, मागे देवीची प्रतिमा. संगणकावर जुळवलेले हेही एक चिकटचित्रच. हाताने बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचे काम त्याने हिरावले आणि पाऊसवाऱ्यात तो काही महिन्यांत फाटतो. पन्नास वर्षांनी या काळाच्या चेहऱ्याचा अभ्यास करणाऱ्याला त्यातले काय मिळेल?

२३/
म्हणून आजोळी जुनी तसबीर असेल, तर ती भंगारात जाण्याआधी एकदा खाली उतरवून पाहावी. काचेआड, चित्राच्या अगदी खालच्या कडेला, बारीक अक्षरांत बहुधा दोन गोष्टी सापडतात : चित्रकाराची सही आणि छापखान्याचे नाव. त्यांचा फोटो काढावा, तसबीर घरात कधी आणि कोणी आणली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. लोकांच्या कलेच्या इतिहासाला अशा एकेका नोंदीची गरज आहे.

(समाप्त)