कोलंबियातील नीतिशास्त्राचा पाठ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते मुख्यतः अर्थशास्त्राच्या अध्ययनासाठी. तथापि १९१६ पर्यंतच्या त्या वास्तव्यात त्यांनी जॉन ड्यूई यांच्या नैतिक व राजकीय तत्त्वज्ञानाच्या वर्गांतही अध्ययन केले. ड्यूई व टफ्ट्स यांचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ १९०८ सालचा. नियम काय करावे ते ठरवून देतो, तत्त्व मात्र कृतीची पारख करण्याचे साधन देते, हा भेद त्यात मांडलेला आहे.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हाच भेद जातिव्यवस्थेवर रोखला. ज्याला लोक धर्म म्हणतात ती विधिनिषेधांची जंत्री आहे, असे त्यांनी दाखविले. वर्गातील पाठाचा इतका दूरगामी उपयोग क्वचितच कोणी केला असेल!

नियम राखावा की तत्त्व, हा प्रश्न पालीच्या अभ्यासकास परका नाही. आपल्या पश्चात संघाने इच्छा असल्यास क्षुल्लक शिक्षापदे रद्द करावीत, अशी मुभा महापरिनिब्बानसुत्तात तथागतांनी दिली आहे. राजगृहाच्या संगीतीत मात्र क्षुल्लक कोणती, यावर एकमत झाले नाही. गृहस्थ नावे ठेवतील, असे महाकस्सपांनी सांगितले आणि एकही शिक्षापद रद्द झाले नाही. संघाने तेथे तत्त्वापेक्षा नियमास झुकते माप दिले, असे आमचे मत आहे. नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे कांट आणि मिल यांच्यासोबत चुल्लवग्गाचा हा अकरावा खंधकही ठेवावयास हवा.