मतदानाची जागा : चावडी, धर्मशाळा आणि शाळा

स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात मताधिकाराचा विस्तार, राखीव जागा, संस्थांचे अधिकार व उत्पन्न यांची चर्चा विपुल झाली आहे. मतदार मत देण्यासाठी नेमका कोठे जात असे, हा प्रश्न मात्र बहुधा कारकुनी बाब म्हणून बाजूस सारला जातो. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी जागेची ही निवड, सार्वजनिक जागा कोणास म्हणावे या जुन्या वादापासून अलग करता येत नाही.

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. इंग्रजीतील ‘पोल’ या शब्दाचा मूळ अर्थ डोके. तेव्हा मतमोजणी म्हणजे एक प्रकारची शिरगणतीच. ‘हस्टिंग्ज’ हा दुसरा शब्द जुन्या नॉर्स भाषेतील ‘घर’ आणि ‘सभा’ अशा अर्थांच्या दोन पदांपासून बनला. ज्या लाकडी मंचावरून उमेदवारांची नावे पुकारली जात, त्यास तो पुढे लावला गेला. मतदार चारचौघांदेखत आपल्या उमेदवाराचे नाव उच्चारी आणि ते नोंदले जाई. १८७२ च्या बॅलट कायद्याने ही पद्धत मोडली, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी पाँटिफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत ब्रिटिश पार्लमेंटसाठी प्रथमच गुप्त मतदान झाले. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांच्या खोल्या मतदानासाठी विनामूल्य वापरण्याची मुभाही याच कायद्यात होती. या दोन तरतुदी एकत्र आल्या हे स्वाभाविकच होय. उघड मतदानास पटांगण पुरते. गुप्त मतदानास भिंती लागतात. आणि खोली आली की उंबरठा आला. मराठी मुलखात तो उंबरठा कोणी ओलांडावा, हाच मुळी प्रश्न होता.

मुंबई शहरापुरता १८७२ चाच महापालिका कायदा झाला व ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडून द्यावेत असे ठरले. रिपनचा ठराव १८८२ चा. त्यास अनुसरून १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचे व जिल्हा म्युनिसिपालिट्यांचे कायदे आले. मताधिकार कर व मिळकत यांवर बांधलेला असल्याने जागेचा प्रश्न फारसा बोचला नाही. तो गावापर्यंत पोचला, तो १९२० व १९३३ च्या ग्रामपंचायत कायद्यांमुळे.

गावात सार्वजनिक म्हणता येतील अशा बंदिस्त जागा मोजक्याच : चावडी, देऊळ व त्यालगतची धर्मशाळा, आणि असल्यास शाळा. पैकी चावडी हा शब्द कन्नड, तेलुगू व तमिळ या भाषांतही आढळतो. मद्रासकडच्या इंग्रजांनी त्याचेच ‘चौल्ट्री’ केले. दक्षिणेत त्याचा अर्थ प्रवाशांचे विश्रामस्थान असा टिकला, तर मराठीत तो पाटील-कुलकर्ण्यांच्या कारभाराशी जखडला. अर्थाचे हे वळण लक्षात घेण्याजोगे आहे. येथे चावडीवर माणूस विसाव्यास जात नसे. त्यास तेथे बोलावले जाई. महार वतनदाराचा चावडीशी रोजचा संबंध होता, पण तो हरकाम्याचा, बसणाऱ्याचा नव्हे. स्त्रियांचा तर तेवढाही नव्हता. अशा ठिकाणी जाऊन पाटलाच्या इच्छेविरुद्ध मत देणे कागदोपत्री शक्य होते, एवढेच म्हणता येईल.

देऊळ व धर्मशाळा यांचे दार अस्पृश्य मानलेल्यांना बंदच होते. उरली शाळा. परंतु तिचाही इतिहास निष्कलंक नाही. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. एकासाठी शाळा इतरांना निरुपयोगी होईल, अशा सबबीवर तो नाकारला गेला. पुढे प्रवेश मिळाला तरी अनेक ठिकाणी ही मुले ओसरीवर बसत. आणि शाळाच देवळात भरत असेल, तर ओसरीही नसे.

या संदर्भात सीताराम केशव बोले यांचा ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव नव्याने वाचला पाहिजे. मुंबई कायदे कौन्सिलने संमत केलेल्या या ठरावाची ख्याती पाणवठ्यांमुळे झाली; तथापि सार्वजनिक धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखानेही त्यात होते. मतदानाचा उल्लेख त्यात नाही. पण मतदानास उपयोगी पडणाऱ्या इमारतींची जवळजवळ संपूर्ण यादी त्यात आहे. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले आणि, मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर, त्याच वर्षी ४ ऑगस्टला तो ठराव मागे घेतला. म्हणजे ज्या संस्थांच्या निवडणुकीसाठी जागा शोधावयाची, त्याच संस्था जागा कोणास खुली हे ठरवीत होत्या. ग्रामपंचायत विधेयकावर १९३२ मध्ये बोलताना डॉ. आंबेडकरांनी केवळ प्रौढ मताधिकार अपुरा आहे असे म्हणून स्वतंत्र प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला, त्यामागे गावाची हीच रचना होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. कनिष्ठ ग्राम-वतने नष्ट करणारा मुंबईचा कायदाही १९५८ चाच. मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले व चावडीचा दरारा ओसरला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा हेच मतदानाचे नेहमीचे ठिकाण ठरले.

मात्र वाद संपला नाही. त्याचे रूप पालटले. कोकणात एकच ग्रामपंचायत अनेक वाड्यांची असते आणि केंद्र कोणत्या वाडीत, यावर म्हाताऱ्यांची व स्त्रियांची हजेरी अवलंबून राहते. राज्य निवडणूक आयोग १९९४ पासून विधानसभेची मतदारयादीच प्रभागवार विभागून वापरतो. त्यामुळे लोकसभेला एका शाळेत जाणाऱ्या मतदाराचे केंद्र ग्रामपंचायतीस दुसरीकडे येऊ शकते. भारतीय निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार लोकसभा-विधानसभेची केंद्रे धार्मिक स्थळांत, पोलीस ठाण्यांत वा रुग्णालयांत ठेवता येत नाहीत. दुर्बल घटकांच्या वस्तीत शक्यतो स्वतंत्र केंद्र द्यावे, असेही त्यांत आहे. केंद्रांच्या याद्यांत जागेचा निर्देश बहुधा असा असतो : जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, उत्तरेकडील खोली.